रेताड जमिनीवर लाकडासाठी लागवड: नत्र आधी मोजा, मग वाचवा, खत शेवटी

पाइन, निलगिरी, सुरू किंवा बाभूळवर्गीय झाडे रेताड जमिनीवर लाकडासाठी लावली की एक चूक हमखास होते. रोपे फिकट दिसली की युरिया टाकला जातो. काही आठवडे हिरवेपणा येतो, मग पुन्हा पिवळेपणा दिसू लागतो आणि पुढच्या खेपेला मात्रा दुप्पट होते. इथे क्रमच उलटा झालेला असतो. नत्र (नायट्रोजन) धरून ठेवणारी चिकणमाती वाळूत नावापुरतीच असते. नत्राचा खरा साठा पालापाचोळ्यात, त्याखालच्या कुजलेल्या काळसर थरात आणि झाडांच्या अंगात असतो. हा साठा किती आहे आणि त्यातून दरवर्षी किती सुटते, हे कळल्याशिवाय खताचा आकडा ठरवता येत नाही.

खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. घाईत बहुतेकांकडून पाचवा आणि सहावा टप्पा सुटतो, आणि नुकसान तिथेच सर्वांत मोठे होते.

## सुरुवातीची तयारी

जमिनीवर जाण्याआधी चार गोष्टी लिहून काढा: याआधी तिथे काय उभे होते, तोडणीनंतर फांद्या-पाला जाळला की तसाच ठेवला, भूजल किती खोल आहे, आणि पाऊस कोणत्या महिन्यांत एकवटतो. उरलेल्या कामात या चार उत्तरांची पदोपदी गरज पडते.

साहित्य फार लागत नाही. बंद तोंडाचा माती-गिरमिट (उघड्या नळीतून वाळू गळून जाते), २५ × २५ सेंमीची चौकट, ठाऊक आकारमानाची लोखंडी कडी, प्लास्टिकच्या स्वच्छ बादल्या, कागदी आणि प्लास्टिकच्या पिशव्या, बर्फाची पेटी, साधा वजनकाटा आणि न पुसणारी शाई. खताच्या रिकाम्या गोणीत किंवा खत हाताळलेल्या बादलीत नमुना ठेवू नका. वाळूतले नत्र मुळात इतके कमी असते की चिमूटभर युरियानेही अहवाल फिरतो.

## टप्पा १: क्षेत्राचे तुकडे पाडा

रेताड जमीन वरून सपाट, एकसारखी दिसते, पण आतून तशी नसते. टेकाडावरची पांढरी वाळू, खोलगटातली काळसर वाळू, जुन्या फांद्यांच्या ढिगांचे पट्टे आणि यंत्रांनी तुडवलेल्या वाटा या चारही ठिकाणी नत्राचे प्रमाण कित्येक पटींनी वेगळे असू शकते. सगळीकडची माती एकत्र केली तर हाती येणारी सरासरी प्रत्यक्षात कुठेच लागू पडत नाही.

नकाशावर वाळूचा रंग, उंचसखलपणा, झाडांचे वय आणि आधीचा वापर पाहून तुकडे आखा. झाडांची उंची ठळकपणे बदलते तिथे बहुधा जमीनही बदललेली असते, त्यामुळे ती रेषाच सीमा माना. जुने ढीग आणि राखेच्या जागा वेगळ्या खुणा करून सरासरीबाहेर ठेवा.

पडताळणी: प्रत्येक तुकड्यात दोन-तीन ठिकाणी एक मीटर खोल खड्डा घ्या. काळसर थर किती जाड आहे, खाली कठीण पापुद्रा आहे का आणि मुळे कुठवर गेली आहेत ते पाहा. एकाच तुकड्यातले खड्डे ठळकपणे वेगळे निघाले तर तुकडा फोडा.

## टप्पा २: पालापाचोळा आणि माती, दोन्हींचे नमुने वेगवेगळे घ्या

सर्वाधिक अहवाल याच टप्प्यात बिघडतात, म्हणून इथे वेळ द्या.

आधी चौकट जमिनीवर ठेवा आणि तिच्या कडेने सुरीने पाला कापून घ्या. वरचा सुका पाला आणि त्याखालचा अर्धवट कुजलेला थर हळूहळू उचला. वाळूचे मोकळे, चमकणारे कण दिसू लागले की थांबा, कारण मातीचा पृष्ठभाग तिथून सुरू होतो. उचललेला थर कागदी पिशवीत भरा. हा थर मातीत मिसळून ० ते १० सेंमीचा नमुना म्हणून पाठवला तर मातीतले नत्र आहे त्याहून जास्त दिसते. उलट तो झटकून टाकला तर साठ्याचा मोठा हिस्सा हिशेबातूनच गळतो.

पाला काढलेल्या जागी गिरमिटाने ० ते १० सेंमी आणि १० ते ३० सेंमी असे दोन थर वेगळे घ्या. प्रत्येक तुकड्यात नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणचे असे नमुने गोळा करा, थराप्रमाणे एकत्र करा, नीट ढवळा आणि त्यातून अर्धा किलो माती घ्या. कोरडी वाळू गिरमिटातून निसटते आणि वरचा थर खालच्यात पडतो, त्यामुळे पावसानंतर एक-दोन दिवसांनी, वाळू ओलसर असताना काम करणे चांगले. झाडाच्या बुंध्याला लागून, खत टाकलेल्या वर्तुळात किंवा शेणाजवळ नमुना घेऊ नका.

घनता मोजायला विसरू नका. १०० मिलिलिटरची कडी मातीत सरळ ठोका, भरलेली माती १०५ अंश सेल्सिअसला पूर्ण सुकवा आणि वजन करा. १५० ग्रॅम भरले तर घनता १.५ (ग्रॅम प्रति मिलिलिटर). वाळूत ती बहुधा १.४ ते १.६ असते, पण काळसर थर जाड असेल तर बरीच खाली येते. अहवालातल्या टक्क्यांचे किलोत रूपांतर करताना हा आकडा लागतो.

प्रयोगशाळेकडून या चाचण्या मागा:

- एकूण नत्र आणि सेंद्रिय कर्ब (कार्बन), दोन्ही एकाच नमुन्यातून
- सामू (pH, म्हणजे मातीची आम्लता)
- उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम)
- बंद, पाणी भरलेल्या स्थितीत उबवून काढलेले सुटू शकणारे नत्र (सोय असेल तर)

सोबत दोन प्रश्न जरूर विचारा. नत्र किती दशांश स्थळांपर्यंत देणार? आणि त्यांच्या पद्धतीला कमीत कमी किती नत्र ओळखता येते? वाळूत एकूण नत्र ०.०२ टक्के असणे नवलाचे नाही. अशा वेळी ‘०.०’ किंवा ‘अत्यल्प’ असा शेरा काहीच सांगत नाही. आकडा तीन दशांशांपर्यंत किंवा मिलिग्रॅम प्रति किलोमध्ये मागा.

सावधान: अमोनियम आणि नायट्रेट (झाडाला थेट घेता येणारी नत्राची रूपे) मोजून घ्यायचे असतील तर नमुना लगेच बर्फात, ४ अंशांच्या आसपास ठेवा आणि लवकरात लवकर पोचवा. उबदार पिशवीतही जिवाणू काम करतच राहतात आणि वाटेतच नायट्रेट वाढते. एकूण नत्राच्या नमुन्याला बर्फ लागत नाही, तो सावलीत पसरून वाळवला की पुरे.

## टप्पा ३: पानांना विचारा

मातीच्या अहवालावरून साठ्याचा अंदाज येतो. त्यातले झाडाला प्रत्यक्ष किती मिळते ते पानांतून समजते. वाळूत मुळे खोल जातात आणि बुरशीच्या साथीने लांबून नत्र ओढतात, त्यामुळे दोन्ही चाचण्या हव्यात.

प्रत्येक तुकड्यात १५ ते २० निरोगी, वरच्या छत्रातली झाडे निवडा. पाइनमध्ये वरच्या तिसऱ्या भागातली, त्या वर्षीची पूर्ण वाढलेली सुयांसारखी पाने वाढीचा जोर ओसरल्यावर घ्या. निलगिरीत वाढ चालू असताना वरच्या, उन्हातल्या फांदीवरची नुकतीच पूर्ण उलगडलेली पाने घ्या. दबलेली, कीड लागलेली किंवा सावलीतली पाने नकोत. पाने कागदी पिशवीत ठेवा आणि ७० अंशांखाली वाळवा. पुढच्या प्रत्येक वेळी नमुना त्याच महिन्यात घ्या, नाहीतर तुलना करता येणार नाही.

डोळ्यांनीही तपासा. नत्र कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्याला देते, म्हणून आधी खालची, जुनी पाने सारखी फिकट होतात, पाने लहान राहतात आणि छत्र विरळ दिसते. फक्त कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह किंवा मँगनीजचा संशय घ्या. जुन्या सुयांची फक्त टोके पिवळी असतील तर मॅग्नेशियमचा. शेंडे मरून झाड झुडपासारखे फुटत असेल तर आधी बोरॉन तपासा. यातल्या कोणत्याही लक्षणावर युरिया हा उपाय नाही.

## टप्पा ४: अहवालाचे आकडे हिशेबात आणा

एकूण नत्राचे किलो काढण्याचे सूत्र सोपे आहे:

नत्र (किलो प्रति हेक्टर) = टक्के × घनता × थराची जाडी सेंमीत × १०००

एकूण नत्र ०.०५ टक्के, घनता १.५ आणि थर १० सेंमी असेल तर ०.०५ × १.५ × १० × १००० म्हणजे ७५० किलो. हा आकडा पाहून अनेकांना वाटते की नत्र भरपूर आहे. पण ते जवळजवळ सगळे सेंद्रिय रूपात अडकलेले असते आणि वर्षाला साधारण १ ते ३ टक्केच सुटते, म्हणजे साडेसात ते साडेबावीस किलो. छत्र भरण्याच्या, म्हणजे शेजारच्या झाडांचे शेंडे एकमेकांना भिडण्याच्या, वयात वेगाने वाढणारी लागवड वर्षाला याच्या दुप्पट-तिप्पट नत्र सहज उचलते. हा फरक पालापाचोळा, खालचा थर, पाऊस, नत्र स्थिर करणाऱ्या (हवेतले नत्र घेणाऱ्या) वनस्पती किंवा खत यांनीच भरून निघतो.

वरच्या १० सेंमी रेताड मातीसाठी मी आकडे असे वाचतो. हे ढोबळ टप्पे आहेत, झाडाची जात आणि पाऊस पाहून पुढे-मागे करायचे:

- एकूण नत्र ०.०३ टक्क्यांच्या खाली: साठा फारच तोकडा. सेंद्रिय थर उभा केल्याशिवाय नुसते खत टिकणार नाही.
- ०.०३ ते ०.०५: काठावर. पाला जपला आणि योग्य वेळी थोडे खत दिले तर काम चालते.
- ०.०५ ते ०.१: वाळूसाठी चांगली पातळी. खत द्यायचे की नाही ते पानांच्या आकड्यावर ठरवा.
- ०.१ च्या वर: साठा भक्कम. वाढ खुंटली असेल तर कारण बहुधा दुसरीकडे आहे.

एकूण नत्राइतकेच कर्ब-नत्र गुणोत्तर महत्त्वाचे. मातीत ते २० च्या खाली असेल तर नत्र मोकळे होत राहते. ३० च्या वर गेले की जिवाणू आणि बुरशीच ते स्वतःसाठी धरून ठेवतात. दोन तुकड्यांत एकूण नत्र सारखे असूनही एकात झाडे हिरवी आणि दुसऱ्यात पिवळी असतील तर आधी हे गुणोत्तर पाहा. जुन्या वणव्याचा कोळसा मातीत असेल तर सावध राहा. कोळशातला कर्ब कुजत नाही, पण अहवालात मोजला जातो आणि गुणोत्तर उगाच फुगते.

पानांसाठी पाइनच्या रेडिएटा जातीत १.२ टक्क्यांखाली नत्राची कमतरता स्पष्ट, १.२ ते १.५ काठावर आणि १.५ च्या वर समाधानकारक मानतात. लॉबलॉली पाइनमध्येही १.२ हीच धोक्याची रेषा धरली जाते. निलगिरीच्या पानांत नत्र मुळातच जास्त असते, त्यामुळे कोवळ्या लागवडीत २ टक्क्यांच्या वर अपेक्षित आहे. १.५ च्या खाली आले तर शंका उरत नाही. एका जातीची रेषा दुसऱ्या जातीला लावू नका.

सावधान: काही अहवालांत ‘उपलब्ध नत्र’ हा आकडा किलो प्रति हेक्टरमध्ये असतो आणि पुढे ‘कमी’ असा शेरा असतो. तो शेरा शेतपिकांसाठी ठरवलेल्या मर्यादांवरून दिलेला असतो. लाकडाची झाडे दहा-वीस वर्षे तेच नत्र फिरवून वापरतात, त्यामुळे त्या शेऱ्यावरून मात्रा ठरवू नका.

## टप्पा ५: नत्राच्या आधी दुसरे काही अडले आहे का?

खताची गोणी उघडण्याआधी चार अडथळे याच क्रमाने तपासा.

पाणी. नत्र वाढले की पाने वाढतात आणि पाने वाढली की पाण्याचा खप वाढतो. खोल, कोरड्या वाळूत दाट लागवडीला भरपूर नत्र दिले तर पुढच्या लांबलेल्या कोरड्या हंगामात झाडे उभी वाळू शकतात. अशा ठिकाणी आधी विरळणी करा, म्हणजे मधली काही झाडे काढा.

तण. वाळूच्या वरच्या थरात गवताची मुळे रोपांच्या मुळांपेक्षा कितीतरी दाट असतात. तण उभे असताना दिलेले खत आधी तणाला मिळते आणि वाढलेले तण रोपाचे पाणीही पिते. रोपाभोवती एक मीटर त्रिज्येचे वर्तुळ स्वच्छ करा, पण ओळींमधले सगळे गवत मारू नका. मोकळ्या वाळूत सुटणारे नायट्रेट धरून ठेवायला काही मुळे जिवंत असावी लागतात.

स्फुरद. पानांतले नत्र भागिले स्फुरद हा भागाकार १६ च्या वर असेल तर आधी स्फुरद कमी आहे असे समजा. अनेक धुपलेल्या, पांढऱ्या वाळूंत पहिला अडथळा स्फुरदच असतो आणि तो दूर होईपर्यंत नत्राला प्रतिसाद मिळत नाही.

सूक्ष्म अन्नद्रव्ये. वाळूत तांबे, जस्त आणि बोरॉन काठावर असतात. नत्राने वाढीला जोर आला की ही कमतरता उघडी पडते. तांबे कमी आणि नत्र जास्त झाले तर पाइनची खोडे वेडीवाकडी वाढतात. अशी खोडे नंतर सरळ होत नाहीत आणि लाकडाची किंमत जाते.

पडताळणी: चारपैकी एकही अडथळा बाकी असेल तर सातव्या टप्प्याकडे जाऊ नका. सहावा मात्र कोणत्याही परिस्थितीत कराच.

## टप्पा ६: आहे ते नत्र वाचवा

रेताड जमिनीवर सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ नत्र म्हणजे तोडणीनंतर जागेवर राहिलेला पाला. साधा हिशेब पाहा. सुक्या लाकडात नत्र ०.१ टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे १०० टन सुके लाकूड नेले तर १०० किलो नत्र जाते. पानांत ते १.५ टक्के धरले तर अवघ्या ६ टन पानांबरोबर ९० किलो जाते. फांद्या आणि सालीतले नत्र यात धरलेलेच नाही. बुंध्याबरोबर पूर्ण शेंडा उचलून नेला तर लाकूड थोडेच जास्त मिळते, पण जमिनीतून जाणारे नत्र दुपटीच्या घरात पोचते. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातल्या रेताड जमिनींवर पाइनच्या दुसऱ्या लागवडीची वाढ पहिलीपेक्षा घटली होती. फांद्या-पाला जाळणे थांबवून तो जागेवर ठेवणे आणि तण आवरणे हे तिथल्या उपायांच्या केंद्रस्थानी होते.

तोडणीच्या वेळी क्रम असा ठेवा:

१. शेंडे आणि फांद्या झाड पडेल तिथेच छाटा. रस्त्याच्या कडेला नेऊन छाटल्या तर सगळे नत्र एका ढिगात साचते आणि बाकी क्षेत्र उघडे पडते.

२. शक्य असेल तिथे सालही जागेवरच सोलून टाका.

३. फांद्या यंत्राने दाबून किंवा चिरडून जमिनीवर सारख्या पसरा. मातीत गाडू नका. लाकडाचा भुसा आणि बारीक फांद्यांमध्ये कर्ब फार आणि नत्र नगण्य असते. मातीत मिसळले तर कुजवणारे जीव मातीतलेच नत्र ओढून घेतात. वर पसरलेल्या थरात हा परिणाम पृष्ठभागापुरता राहतो.

४. जाळू नका. जळताना पानांतले बहुतेक नत्र वायू होऊन उडून जाते. राखेत कॅल्शियम आणि पालाश उरतात, त्यामुळे पहिल्या वर्षी रोपे तरारलेली दिसतात आणि जाळणे फायद्याचे वाटते. हिशेब पुढच्या वर्षांत उलटतो.

५. नांगरणी पूर्ण क्षेत्रात न करता फक्त लागवडीच्या पट्ट्यात करा. काळसर थर उलथून उघडा पडला की कुजणे वेगाने होते आणि सुटलेले नत्र उचलायला मुळेच नसतात.

६. तोडणी आणि नवी लागवड यांतले अंतर शक्य तितके कमी ठेवा. तोडणीनंतर एक-दोन वर्षे माती गरम आणि ओलसर राहते, नायट्रेट झपाट्याने तयार होते आणि पावसाबरोबर खाली उतरते.

वणव्याचा धोका असलेल्या ठिकाणी सीमेलगतचा पट्टा मात्र साफ ठेवायलाच हवा. तिथला पाला आतल्या क्षेत्रात पसरा.

पडताळणी: काम संपल्यावर क्षेत्रातून तिरपे चालत जा आणि दर दहा पावलांवर पायाखाली पाहा. उघडी पांढरी वाळू वारंवार दिसत असेल तर पसरणे नीट झालेले नाही.

## टप्पा ७: खत द्यायचेच असेल तर

पानांतले नत्र काठाखाली, पाचव्या टप्प्यातले अडथळे दूर आणि पाला जागेवर, अशी स्थिती असेल तरच हा टप्पा.

पहिली गोष्ट समजून घ्या ती पाण्याची. वाळू आकारमानाच्या शेकडा दहा भाग पाणी धरते असे मानले तर गरजेपेक्षा जास्त पडलेला १०० मिमी पाऊस नायट्रेटला साधारण एक मीटर खाली ढकलतो. रोपाची मुळे अर्ध्या मीटरवर असतील तर ते नत्र कायमचे हातचे गेले. म्हणून वाळूत मात्रा लहान आणि हप्ते जास्त.

लागवडीच्या वेळी खड्ड्यात युरिया टाकू नका, मुळे जळतात. रोपे रुजून नवी पालवी आली की प्रति रोप १० ते २० ग्रॅम नत्र द्या. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे २२ ते ४३ ग्रॅम युरिया. हेक्टरी ११०० रोपांना हे ११ ते २२ किलो नत्र होते. खोडापासून १५ ते २० सेंमीवर, दोन बाजूंना छोटी चीर पाडून द्या आणि मातीने झाका. एकदा वजन करून मापाच्या डब्यावर खूण करा आणि प्रत्येक मजुराला तसाच डबा द्या. मूठ प्रत्येकाची वेगळी असते.

छत्र भरण्याच्या काळात मुळे ओळीत पसरलेली असतात, तेव्हा ओळीच्या दोन्ही बाजूंनी पट्ट्यात हेक्टरी ३० ते ४० किलो नत्र, वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला.

विरळणीनंतर मोठ्या झाडांना एकरकमी मात्रा देण्याची पद्धत आहे. नॉर्डिक देशांत हेक्टरी १५० किलो नत्राच्या आसपास, तर अमेरिकेच्या आग्नेय भागात लॉबलॉली पाइनला सुमारे २२५ किलो नत्र आणि २८ किलो स्फुरद देतात. हे आकडे तिथल्या हवामानासाठी आहेत. जाड वाळूत आणि जोराच्या पावसात एवढी मात्रा मी एकदम देणार नाही. दोन हंगामांत विभागून द्या आणि स्फुरद सोबतच द्या.

कोणते खत, हे वेळेवर अवलंबून आहे. उबदार, ओलसर पाल्यावर पडून राहिलेला युरिया अमोनिया होऊन उडतो. टाकल्यानंतर लगेच १० ते १५ मिमी पाऊस झाला तर तो मातीत शिरतो आणि वाचतो. मुसळधार पाऊस आला तर उलटे नुकसान होते. युरियाच्या कणावर विद्युतभार नसल्यामुळे मातीला तो चिकटत नाही आणि रूपांतर होण्याआधीच पाण्याबरोबर खाली जातो. म्हणजे हलक्या पावसाचा अंदाज असलेला दिवस निवडायचा. तशी खात्री नसेल तर अमोनियम सल्फेट बरे. त्यात नत्र २१ टक्केच आहे, पण सामान्य आम्ल वाळूत ते उडून जात नाही. मात्र ते माती आणखी आम्ल करते, त्यामुळे सामू आधीच ४.५ च्या खाली असेल तर टाळा.

सावधान: ओढे, विहिरी आणि पाणथळ जागांपासून रुंद पट्टा खतमुक्त ठेवा. वाळूतून नायट्रेट थेट भूजलात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ५० मिलिग्रॅम आहे.

सावधान: प्रत्येक तुकड्यात खत न दिलेला एक चौकोन राखा, मोजणीसाठी २० × २० मीटर आणि भोवती मोकळी किनार. तो नसेल तर वाढ खताने झाली की चांगल्या पावसाने, हे कधीच सांगता येणार नाही.

## टप्पा ८: नत्र स्थिर करणाऱ्या वनस्पतींची जोड

साठा ०.०३ टक्क्यांच्या खाली असेल तर दीर्घ पल्ल्यासाठी मला हाच मार्ग पटतो. बाभूळवर्गीय झाडे आणि शेंगवर्गीय झुडपे रायझोबियम जिवाणूंच्या, तर सुरू फ्रँकिया जिवाणूंच्या मदतीने हवेतले नत्र घेतात. काँगोच्या किनारी भागातल्या रेताड जमिनींवर निलगिरीत अकेशिया मँजियम मिसळून मातीतले नत्र वाढल्याचे दिसले आहे.

रोपवाटिकेतच योग्य जातीचे जिवाणू संवर्धन लावा, कारण नव्या उघड्या वाळूत ते आधीपासून असतीलच असे नाही. स्फुरद द्या. नत्र खत जवळजवळ देऊच नका, आयते मिळाले की मुळांवरच्या, हे जिवाणू राहतात त्या गाठी काम कमी करतात. दोन जातींच्या उंचीवर लक्ष ठेवा. सोबतीण मुख्य झाडावर सावली धरू लागली किंवा कोरड्या हंगामात पाणी ओढू लागली तर छाटून तिथेच पसरा. एकाच सोबतिणीवर सगळी मदार नको. न्यूझीलंडच्या किनारी वाळूवरच्या पाइनला झुडपी ल्युपिन नत्र पुरवत असे, पण बुरशीजन्य करपा आला आणि तो पुरवठा कोसळला.

पडताळणी: पावसाळी हंगामाच्या मध्यावर शेंगवर्गीय रोप मुळासकट हळूच खणा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी किंवा लालसर असेल तर नत्र स्थिर होत आहे. पांढरी, हिरवट किंवा तपकिरी असेल तर गाठ आहे पण काम नाही. सुरूच्या गाठींना ही रंगाची परीक्षा लावू नका.

## टप्पा ९: पुन्हा मोजा, आणि कुठे थांबायचे ते ठरवा

खतानंतर पाने पुढच्या हंगामात त्याच महिन्यात तपासा, माती मात्र चार-पाच वर्षांनी. एकूण नत्र इतके सावकाश बदलते की दरवर्षीच्या चाचणीत फक्त नमुन्यांमधला फरक दिसतो. छातीच्या उंचीवरचा, म्हणजे १.३ मीटरवरचा व्यास दरवर्षी मोजा आणि खत न दिलेल्या चौकोनाशी ताडून पाहा. दिलेल्या खतातले साधारण १० ते ३० टक्केच झाडाच्या अंगात जाते. उरलेल्यातले बरेच पाल्यात आणि मातीत अडकते, काही निसटते. म्हणून वाढीचा निकाल दोन-तीन वर्षांनी लावा.

पानांत नत्राचा टक्का घसरला पण पाने मोठी आणि दाट झाली, तर ती कमतरता नव्हे. त्याच नत्राची जास्त पानांत वाटणी झालेली असते. म्हणून शंभर पानांचे सुके वजनही नोंदवत चला.

नत्र जास्त झाल्याची लक्षणेही तितकीच गांभीर्याने घ्या. पालापाचोळ्याचे कर्ब-नत्र गुणोत्तर २५ च्या खाली उतरले की नायट्रेट झिरपण्याचा धोका वाढतो, ३० च्या वर तो कमी असतो. पाइनच्या पानांत २ टक्क्यांच्या वर नत्र, स्फुरदाशी भागाकार १६ च्या पुढे, सामूत सतत घसरण किंवा मुळांच्या खाली, मीटर-दीड मीटरवर नायट्रेट सापडणे, यातले काहीही दिसले तर खत बंद करा आणि पुढच्या दोन हंगामांत फक्त मोजणी चालू ठेवा. नोंदवहीत तुकड्याचा क्रमांक, तारीख, खताचा प्रकार, मात्रा आणि त्यानंतरच्या दोन आठवड्यांचा पाऊस लिहा. पावसाची नोंद नसेल तर न लागू पडलेल्या खताचे कारण नंतर शोधता येत नाही.